वावळ्याखालचा चौघडा

चैत्रातल्या नवरात्राच्या तिसऱ्या पहाटे धनश्री गुरवची सनई मध्येच तुटली आणि करंजओढ्याच्या वाघजाईचा चौघडा अर्ध्यावर थांबला. आजवर असं कधी झालं नव्हतं. म्हणजे आवाज थांबला असं काही नाही. देवस्थानचे अध्यक्ष संपतराव घार्गे यांनी दूरदृष्टीनं गाभाऱ्यामागे विजेवर चालणारा नगारा बसवून घेतला होता. कुणीतरी त्याचं बटण दाबलं. टोले पडू लागले, घंटा घणघणली आणि कुठल्याशा स्टुडिओत कुणीतरी कधीतरी वाजवून ठेवलेली सनई कर्ण्यातून बिनचूक वाजत राहिली. वर नगारखान्यात धनश्री भिंतीला टेकून बसली होती. छातीत शिट्टी वाजत होती, डोळे सुजून लाल झाले होते आणि ओळीनं सतरा शिंका देऊन तिच्या अंगातलं त्राण गेलं होतं.

साल होतं २०४१. धनश्री तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे वडील यशवंत गुरव, म्हणजे घरच्यांचे आण्णा. आण्णांच्या दमसासाच्या गोष्टी खटाव-माणात अजून सांगतात. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचे वरचे दात गेले आणि दातांबरोबर ओठांची पकडही गेली. सनई सोडावी लागली. मुलगा नव्हता, आणि असता तरी त्यानं सनई घेतली असती याची खात्री कुणी दिली असती? मुलीनं घेतली होती. नावसुद्धा आण्णांनी धनश्री रागावरून ठेवलेलं. तिचा सूर गोड, बोटं तयार. उणीव एकच. ऐन चैत्रात, देवीच्या नऊ पहाटांच्या वेळी, तिला श्वास पुरत नसे.

संपतराव जिना चढून वर, बापलेकींजवळ आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट वेळेवर हवी असे.

"यशवंतदादा, राग मानू नका," ते म्हणाले, "पण मशीनला शिंक येत न्हाई."

आण्णांच्या आधी धनश्री बोलली, तीही दोन-दोन शब्दांनी थांबत. "एक वर्ष... द्या काका. पुढल्या चैत्रात... नऊच्या नऊ वाजवीन."

"दिलं," संपतराव म्हणाले. "पर त्यात एक पहाट जरी चुकली, तरी ही जागा मशीनची. पुन्हा माझ्या दारात यायचं न्हाई."

आता ही शिंकांची पीडा काही आजची नव्हती. अकराव्या वर्षापासून ती धनश्रीच्या पाचवीला पुजली होती. माघ लागला की नाक गळायचं, डोळे खाजायचे, फाल्गुनात छाती भरायची आणि वैशाखात सगळं आपोआप ओसरायचं. ऋतू ठरलेला, म्हणून गावानं गुन्हेगारही ठरवून टाकला होता: आंब्याचा मोहोर. माघात मोहोर येतो, माघात पोर शिंकते, मग आणखी पुरावा कशाला हवा? सहा वर्षांपूर्वी घरामागचा आंबा तोडला. धनश्रीच्या आईनं तो झारीनं पाणी घालून वाढवला होता. तिनं तोंडानं हो म्हटलं आणि दोन दिवस जेवली नाही. पुढच्या माघात धनश्री पहिल्यासारखीच शिंकली. मग धुपाला दोष दिला, मग गोधडीला, आणि शेवटी कुणी कुणी म्हणू लागलं की पोरीचं मनच नाही सनईत. हे शेवटचं तिला फार लागलं होतं.

इतर तालुक्यांत तीन-चार वर्षं वापरात असलेली एक डबी त्या वर्षी इथल्या सरकारी दवाखान्यातूनही दम्याच्या रोग्यांना मिळू लागली होती. काडेपेटीएवढी, कॉलरला अडकवायची. तिला एक बारीक छिद्र होतं आणि त्यातून ती माणसाच्या नाकाशेजारची हवा सतत आत ओढत असे. हवेतला प्रत्येक कण आतल्या लेझरच्या किरणासमोरून जाई. झाडाचा प्रत्येक परागकण आपली ठेवण घेऊन येतो. कुणी गोल, कुणी पाचकोनी, कुणाला काटे, कुणाला खाचा, आणि प्रकाश पडला की प्रत्येकाची चमकही निराळी. डबी ती ठेवण टिपून झाडाचं नाव लिही. मनगटावरची पट्टी श्वास आणि नाडी नोंदवी. दोन्ही नोंदी एकाखाली एक ठेवल्या की कोणत्या मिनिटाला कोणत्या झाडाचे किती कण नाकात गेले आणि त्यानंतर शरीरानं काय केलं, ते उघड्यावर येई. जुन्या तपासणीत कातडीवर टोचून अंदाज घेत. इथे अंदाजाचं काम नव्हतं.

धनश्रीनं ती डबी माघापासून लावली होती. नवरात्र संपल्यावर ती आण्णांना घेऊन साताऱ्याला डॉक्टर शाहीन मुजावर यांच्याकडे गेली. डॉक्टरबाई श्वासाच्या रोगांतल्या जाणत्या. त्यांनी पडद्यावर तीन महिन्यांची नोंद उघडली आणि विचारलं, "तुमचा संशय कुणावर आहे?"

"आंब्याच्या मोहरावर," आण्णा म्हणाले.

"आंब्याचे कण सापडलेत. तीन महिन्यांत एकोणीस." डॉक्टरबाई हसल्या. "आंब्याचे पराग चिकट आणि जड असतात. माश्या-मुंग्या ते वाहून नेतात, हवेत फारसे उडत नाहीत. ज्या झाडाला देखणी, वासाची फुलं असतात ते बहुतेक वेळा निर्दोष असतं. त्याला किडे बोलवायचे असतात. ज्याला वाऱ्यावर काम भागवायचं असतं ते झाड फुलांचा थाट करत नाही, नुसते लाखो कण सोडून देतं. लोकांचं त्याच्याकडे लक्षच जात नाही."

"मग कोण?" धनश्रीनं विचारलं.

"वावळा. बेचाळीस हजार कण. आणि त्यातले तीन-चतुर्थांश पहाटे पाच ते सातमध्ये, तुम्ही सनई वाजवत असताना."

आण्णांच्या हातातली टोपी खाली पडली.

धनश्रीला त्याचं कारण लगेच कळलं, डॉक्टरबाईंना सांगावं लागलं. सनई वाजवणारा गालात हवा साठवतो, ती बाहेर सोडता सोडता नाकानं नवी हवा आत खेचतो आणि सूर तुटू देत नाही. हा दमसास लहानपणीच अंगी बाणवावा लागतो. गुरवांच्या घरात तो नगारखान्याला लागून असलेल्या जुन्या वावळ्याखाली, पहाटे, पोराला पारावर बसवून शिकवत. आण्णा तिथेच शिकले, त्यांचे वडीलही. त्या काळी वावळा माघात जेमतेम तीन आठवडे फुले. आता थंडी आखडली, ऊन लवकर आलं आणि तोच वावळा माघापासून चैत्रापर्यंत टप्प्याटप्प्यानं फुलू लागला. आठ वर्षांच्या धनश्रीला आण्णांनी त्याच पारावर बसवलं होतं. "नाकानं खोल घे, आणखी खोल," असं ते तिला रोज सांगत. ती गुणी पोर होती. तिनं खोल घेतला.

"म्हणजे मीच हिला..." आण्णा म्हणाले.

"तुम्ही सूर शिकवलात," डॉक्टरबाई घाईनं म्हणाल्या. "बाकीचं तिच्या शरीरानं केलं. आपल्या रक्तात काही प्रतिपिंडं पहारेकऱ्याचं काम करतात. यांच्या पहारेकऱ्यांनी वावळ्याच्या परागाला चोर ठरवलं. कण दिसला की ते आरडाओरडा करतात, पेशींमधून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, मग नाक गळतं, डोळे सुजतात, श्वासनळ्या आवळतात. परागानं मुळात काहीच वाईट केलेलं नसतं."

"मास्क लावून चालंल का?" आण्णांनी विचारलं.

"मास्क लावून सनई वाजवता येते का?"

इतक्या दुःखातही धनश्रीला हसू आलं.

उपाय दोन होते. एक, झाड तोडणं. नगारखान्याजवळचा तो एकटा वावळा गेला तर पुढच्या चैत्रात कण एवढे कमी होतील की ती निभावून नेईल, हे डॉक्टरबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण शेजारच्या तालुक्याच्या गावी लोकांनी डबीनं बोट दाखवलेली झाडं सपासप पाडली होती, आणि दोन वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणांची डबी सुबाभळीकडे, एरंडाकडे बोट दाखवू लागली होती. शेजाऱ्याशेजाऱ्यांत झाडांवरून कोर्टकज्जे लागले होते. दुसरा उपाय काट्यानं काटा काढण्याचा. वावळ्याच्या परागातलं जे प्रथिन तिच्या पहारेकऱ्यांना खुपत होतं, नेमक्या त्याच प्रथिनाचे तुकडे थेंबातून रोज जिभेखाली घ्यायचे. आधी नखभर, मग वाढवत वाढवत. रोजची ओळख झाली की शरीर आरडाओरडा सोडून देतं. पूर्वी याला तीन ते पाच वर्षं लागत. डबीच्या नोंदीवरून माणसापुरते थेंब बनू लागल्यापासून हे काम दहा-अकरा महिन्यांत होऊ लागलं होतं.

"सगळ्यांना लागू पडतात?" धनश्रीनं विचारलं.

"दहातल्या सात जणांना," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पदर खोचून म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. त्या माझ्या आंब्याची माफी आता कोण मागणार?" आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशीच्या भाकरी फार जाड झाल्या.

वावळ्याची बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. गावात डब्या आणखी बारा जणांकडे होत्या. त्यातल्या पाचांच्या डबीतही वावळाच निघाला. संपतरावांना झाड पाडायला हरकत नव्हती, पण झाड देवीच्या आवारातलं, म्हणून झाड पाडू का, असा कौल लावायचं ठरलं. करंजओढ्यात कौल असा लावतात: देवीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक कळी पाण्यानं चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. आणि कळ्या लावायचा मान गुरवाचा.

वैशाखातल्या मंगळवारी सकाळी सारा गाव सभामंडपात जमला. धनश्री दाराशी उभी होती. आण्णा ओल्या पंच्यानं गाभाऱ्यात गेले. त्यांनी उजवी कळी पाण्याच्या थेंबानं लावली. डावी लावताना मात्र त्यांचं बोट आधी सहाणेवरच्या घट्ट चंदनात बुडालं. इतर कुणाला ते दिसलं नाही. धनश्रीनं तो हात लहानपणापासून पाहिलेला होता.

चंदनानं चिकटवलेली कळी दुपारपर्यंत पडली नसती. देवीनं हो म्हटलं असतं, संध्याकाळपर्यंत वावळा आडवा झाला असता आणि पुढच्या चैत्रात तिला पोटभर श्वास मिळाला असता. सगळं तिच्या मनासारखं होत होतं. आणि तिला रडू आलं, कारण चाळीस वर्षांत ज्या माणसानं कौलाला कधी वाकडं बोट लावलं नव्हतं, तो आज तिच्यासाठी देवीशी खोटं बोलत होता. उजवी कळी अशी लबाडीनं पडली असती तर यापुढे आण्णांनी कुठलाच कौल ताठ मानेनं लावला नसता. ते तिला ठाऊक होतं.

ती पुढे झाली. "कौल थांबवा," ती म्हणाली. "मला झाड पाडून नको."

"अगं पोरी, तुझ्यासाठीच चाललंय ना हे!" संपतराव चकित झाले.

"म्हणूनच सांगतेय काका. झाड माझं वैरी न्हाई. माझं शरीर चुकलंय, ते मी सुधारते. माझं वर्ष माझ्याकडं हाय, ते तेवढं राहू द्या."

आण्णांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं काय पाहिलं, ते त्यांना समजलं. त्यांनी दोन्ही कळ्या काढल्या, देवीचा खांदा पाण्यानं स्वच्छ पुसला आणि कितीतरी वेळ तिथेच डोकं टेकून बसले.

दुसऱ्या दिवसापासून थेंब सुरू झाले. पहिला डोस दवाखान्यात, डॉक्टरबाईंच्या नजरेसमोर. जीभ खाजली, ओठ थोडे सुजले, अर्ध्या तासात उतरले. मग घरी रोज सकाळी, दात घासण्याआधी. आषाढ, श्रावण, भाद्रपद. थेंब वाढत गेले. आईनं भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत रोज एक फुली मारली, आणि एखाद्या दिवशी धनश्री विसरली तर घर डोक्यावर घेतलं.

माघात वावळ्यानं पानं गाळली आणि उघड्या फांद्यांवर मळकट हिरव्या फुलांचे झुबके धरले. चौथ्या दिवशी धनश्री नगारखान्यात चढली, सनई ओठांना लावली आणि दुसऱ्या मिनिटाला शिंकली. मग पुन्हा. छातीत तीच ओळखीची शिट्टी. ती जिन्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. दहातल्या तीन जणांत आपण आहोत, असं तिनं मनाशी धरलंच होतं.

डॉक्टरबाईंनी फोनवर सगळं ऐकलं, नोंदी मागवल्या आणि म्हणाल्या, "शिंका किती आल्या?"

"सहा."

"गेल्या वर्षी याच दिवशी, एवढ्याच कणांना किती?"

धनश्रीनं नोंद पाहिली. एकतीस.

"मग रडतेस कशाला? शरीर शिकतंय. पण तू पहिल्याच दिवशी पुराच्या पाण्यात उडी मारलीस. ऋतूत थेंब अर्धे कर. छातीचा फवारा सकाळ-संध्याकाळ, तो चुकवायचा नाही. आणि तो नगारखाना एकदा नीट बघ. तिथे पराग कुठे कुठे दडलाय ते डबीला विचार."

डबीला विचारलं तर ती तिन्ही भिंतींवर, सतरंजीवर आणि चक्क सनईच्या आत कण दाखवू लागली. गुरवांच्या सनया पिढ्यान्‌पिढ्या वावळ्याकडच्या खिडकीत टांगलेल्या असत, वारा लागून लाकूड चांगलं राहतं म्हणून. म्हणजे धनश्री सनई उचलायची ती आदल्या दिवसाच्या परागासकट. सनया कापडात गुंडाळून पेटीत गेल्या. ओठांत धरून फुंकायच्या पत्त्या झाकणाच्या डबीत गेल्या. सतरंजी धुऊन माडीवर टाकली. आण्णांनी एक काम आपण होऊन घेतलं: रोज पहाटे चारला उठून ते नगारखान्याची फरशी ओल्या फडक्यानं पुसत आणि खिडकीला आईचं ओलं लुगडं बांधत. सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसून कोपरे पुसतोय, हे पाहून धनश्रीनं एकदा फडकं हातातून घेऊ पाहिलं.

"राहू दे," आण्णा म्हणाले. "मला पुसू दे."

तिनं फडकं सोडलं. घरी आली की ती डोक्यावरून पाणी घेई, मिठाच्या पाण्यानं नाक धुई, कपडे दोरीवर न टाकता आत वाळवी. आणि वावळ्याखाली रोज बसत गेली. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग अकरा. आठव्या वर्षी केला होता तोच अभ्यास तिनं नव्यानं केला, आण्णा समोर बसून बोटांवर वेळ मोजत असताना. आता मात्र "आणखी खोल" असं म्हणायला आण्णांची जीभ रेटत नसे. तेव्हा ती स्वतःच म्हणे.

पाडवा उजाडला. पहिली पहाट निघाली, दुसरी निघाली. तिसऱ्या पहाटे सगळं गाव कान टवकारून अंथरुणात जागं होतं. सनई तुटली नाही. संपतराव मात्र रोज साडेचारला मशीनजवळ येऊन उभे राहत, बटणापासून हातभर अंतरावर. पाचव्या दिवशी त्यांनी खुर्ची मागवली. सातव्या दिवशी त्यांना खुर्चीत डुलकी लागली.

आठव्या दिवशी दुपारी आण्णांनी पेटीतून दुसरी सनई काढली, नवी पत्ती बसवली आणि ओठांत धरून पाहिली. कवळीवर ती नीट बसेना. त्यांनी कवळी काढून ठेवली आणि नुसत्या हिरड्यांवर धरली.

"उद्या मी येतो वर," ते म्हणाले. "नवमीला जुन्यानं नि नव्यानं एकच सूर धरायचा असतो. ज्याचा आधी सुटंल त्यानं जागा सोडायची. माझ्या बाबांनी माझ्यासंगं असाच धरला हुता."

"आणि आजोबांनी मुद्दाम सोडला असंल," धनश्री म्हणाली.

"व्हय. दहा मोजायच्या आत सोडला. जन्मभर मला कळलं न्हाई माझा दम खरा हाय का न्हाई." आण्णांनी सनई पुसली. "मी सोडणार न्हाई. सांगून ठेवतो."

नवमीच्या पहाटे वारा पडला होता आणि हवा कोरडी होती. डबीनं त्या ऋतूतला सगळ्यात मोठा आकडा दाखवला. धनश्रीनं तो पाहिला आणि डबी कॉलरवरून काढून आईच्या हातात दिली. चौघडा झाला, भूप झाला. करंजओढ्यात रामजन्म दुपारऐवजी पहाटेच होतो; देवीच्या सभामंडपात पाळणा बांधला होता आणि गर्दी जमू लागली होती. मग बापलेक समोरासमोर बसले आणि दोघांनी षड्ज लावला.

दोन सनयांचा एक सूर झाला. गाल फुगले, नाकानं श्वास आत गेला, सूर तसाच राहिला. एक मिनिट गेलं. धनश्रीला नाकात पराग जाणवत होता, बारीक, कोरडा. ती वाट पाहत होती खाजेची, शिट्टीची. काहीच आलं नाही. फक्त हवा आली, भरपूर, पार बरगड्यांच्या तळापर्यंत, आणि तिला वाटलं की वसंतातली हवा अशी असते हे आपल्याला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं. तीन मिनिटं झाली. आण्णांच्या कपाळावरची शीर फुगली. ते सोडत नव्हते. हिरड्यांतून लाळ ओघळत होती, डोळे तांबडे झाले होते आणि ते खरंच सोडत नव्हते. आपल्या लेकीला ते पुरेपूर मोजत होते. संपतराव खुर्चीतून उठून अंगणात आले आणि वर बघत राहिले.

चौथ्या मिनिटाला आण्णांचा सूर थरथरला, सावरला, पुन्हा थरथरला आणि सुटला. त्यांनी सनई मांडीवर ठेवली आणि धापा टाकत भिंतीला टेकले. धनश्रीचा सूर चालूच होता. आण्णा हसत होते. बिनदाताच्या तोंडानं, लहान मुलासारखं. त्यांनी हातानं खूण केली, बास झालं, जिंकलीस, थांब आता.

ती थांबली नाही. तिच्याकडे अजून श्वास होता. तो सूर न तोडता ती हळूच वरच्या स्वरांत चढली आणि खाली पाळण्याची दोरी हलली, तेव्हा तिनं रामजन्माची धून सुरू केली.